होऊ घातलेल्या आमदारास चार हिताच्या गोष्टी

आमदार व्हायचेच असे आपल्या मनाने घेतले असेल, तर सर्वप्रथम कायदे वाचण्याचा नाद सोडावा. राज्यघटनेने या पदासाठी वयाची 25 वर्षे पूर्ण असण्याची अट घातली आहे, शिक्षणाची घातलेली नाही. घटनाकारांच्या या औदार्याचा अवमान आपण कशासाठी करावा?

खरा अभ्यासक्रम नदीच्या घाटावर आहे. दशक्रियेला वेळेवर, म्हणजे तासभर उशिरा पोहोचावे. आपले श्रद्धांजलीचे भाषण झाल्याखेरीज विधी पुढे सरकत नाही, आणि गुरुजींना दुसरा घाट गाठायचा असला तरी ते तसे बोलून दाखवणार नाहीत. दिवंगताचे नाव गाडीतून उतरण्यापूर्वीच स्वीय सहायकाकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावे. (आधीच्या घाटावरची चिठ्ठी आठवणीने फाडून टाकावी.) कावळा पिंडाला शिवत नसेल, तर हात जोडून पुढे व्हावे आणि ‘धाकट्याला नोकरीला लावण्याची जबाबदारी माझी’ असे सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगावे. शिवला तर आपली पुण्याई. न शिवला तर दर्भाचा कावळा आहेच. दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करणारी समिती विधिमंडळात असते, घाटावर नसते.

अधिवेशनाची फारशी चिंता करू नये. सभागृहात अभ्यासपूर्वक मांडलेल्या लक्षवेधीकडे कोणाचे लक्ष जात नाही; विधान भवनाच्या पायऱ्यांवर गळ्यात कांद्याची माळ घालून उभे राहिलेल्या सदस्याचे छायाचित्र मात्र दुसऱ्या दिवशी हमखास छापून येते. हिवाळी अधिवेशन 1953 च्या नागपूर कराराचा मान राखून नागपुरात भरते, तेव्हा विदर्भाच्या अनुशेषाबद्दल हुरडा खाता खाता कळकळ व्यक्त करावी.

आता निष्ठेविषयी. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याला अनेक जण उगाच बिचकतात. एकट्यादुकट्याने पक्ष सोडला तर ती गद्दारी ठरते. संख्याबळ गाठीशी असले की तोच उठाव होतो, म्हणून नेहमी घाऊकच जावे. जून-जुलै 2022 मध्ये सुरत, गुवाहाटी आणि गोवा अशा मार्गाने मुंबईला परतलेल्या सदस्यांचा दाखला डोळ्यांसमोर ठेवावा. त्या फुटीतील अपात्रतेच्या याचिकांवर विधानसभा अध्यक्षांनी 10 जानेवारी 2024 रोजी, म्हणजे सुमारे दीड वर्षाने निकाल दिला आणि दोन्ही गटांतील एकही आमदार अपात्र ठरला नाही. एवढ्या अवधीत तर एखाद्या पुलाचे दोनदा भूमिपूजन उरकते.

राहता राहिले मंत्रिपद. 288 सदस्यांच्या विधानसभेत 15 टक्क्यांच्या मर्यादेमुळे मुख्यमंत्र्यांसह 43 जणांचीच सोय होते. उरलेल्यांनी पुढच्या विस्ताराकडे डोळे लावून बसायचे असते. शपथविधीचे जाकीट तेवढे आधीच शिवून घ्यावे. कापड पांढरेच निवडावे, म्हणजे त्यावर कोणत्याही रंगाचे उपरणे शोभते.