ताटावरून खानदान

परवा केजकडं एका लग्नात पंगतीला बसलो होतो. शेजारी आमचे मामा. बुंदी वाढणाऱ्या पोराला हातानंच थांबवत म्हणाले, "माणूस काय खातो तेवढं सांगा, मी त्याचं खानदान सांगतो." सगळे हसले, मीबी हसलो. लग्नघर होतं म्हणून गप्प बसलो, ते इथं लिहायलोय.

खाण्यावरून खानदान हुडकणारे मला आधीबी भेटलेत. शिकायला औरंगाबादला होतो (तेव्हा हेच नाव होतं) आणि खोली शोधत फिरायचो. माझं आडनाव गावावरून पडलेलं, चार जातींत सापडतं. त्यामुळं घरमालकाची पंचाईत व्हायची. मग भाडं सांगायच्या आधी प्रश्न यायचा, "खाण्यापिण्याचं कसंय तुमचं?" रविवारी मटण, असं म्हटलं की खोली कालच दुसऱ्याला दिलेली असायची. चौथ्या घरी मी सरळ खोटं बोललो. खोली मिळाली, दोन वर्षं राहिलो, मटण मित्राच्या खोलीवर. माझ्या ताटावरून त्या मालकाला काही कळायला हवंच होतं, तर ते एवढंच की हे पोरगं थापा मारतं.

आता आमची आजी घ्या. निम्मं आयुष्य घरच्या ज्वारीवर गेलं. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेला मिलो खाल्ला. ती लाल ज्वारी, भाकरी थापताना चिरायची म्हणे. खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची, ती पदरात बांधून लेकरांसाठी घरी आणायची. पुढं हायब्रीडची भाकरी आली, आणि म्हातारपणी रेशनचा गहू. ताट तीनदा बदललं. आजी मात्र तशीच, तोंडानं फटकळ आणि उसनं पीठ फेडताना मापट्याला शीग लावून देणारी. तिच्या ताटावरून पाऊस कळला असता, सरकार कळलं असतं. आजी कुठून कळणार?

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक, राजस, तामस आहार सांगितलाय. शिजवून प्रहर उलटलेलं, शिळं अन्न तामसांना आवडतं, असं तिथं आहे. आमच्या बीडची ऊसतोड करणारी बाई मध्यरात्री उठून भाकरी थापते, अंधारात फडात जाते आणि उन्हं वर आल्यावर तीच भाकरी चटणीसंगं खाते. प्रहर कधीचाच उलटलेला असतो. आवडीचा प्रश्न तिला कुणी विचारला?

आणि ज्यांच्या वाट्याला गावानं मेलेलं जनावर ठेवलं, त्यांनाच त्या खाण्यावरून हलकं ठरवलं. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी ते सोडा म्हणून सांगितलं. लोकांनी सोडलं. खाणं बदललं, पण गावाची नजर? आमच्या गावात तर लई उशिरापर्यंत चहाची कपबशी वेगळी होती.

आमचे आजोबा माळकरी. चातुर्मासात कांदा-लसणाचा वास खपायचा नाही. पण दरसाल नांगरट आली की चुलत्याचा बांध वीतभर कोरायचेच. (मटण खाणारे सगळे दिलदार असतात असंबी नाही, नमुने आमच्याच घरात आहेत.)

तर मामा. मामांच्या घरी पूर्वी पाहुण्यासमोर भाकरी ठेवायची लाज वाटायची. गव्हाची पोळी म्हणजे मोठं घर. आता शेतात सगळं सोयाबीन आणि ज्वारी गव्हापेक्षा महाग. गेल्या रविवारी गेलो तर मामांच्या ताटात ज्वारीची भाकरी, मेथीचं कोरड्यास, तेलाचा थेंब नाही. शुगर निघालीय.

म्हटलं, "मामा, आता या ताटावरून कोणतं खानदान लावायचं?"

मामी पदर तोंडाला लावून आत गेल्या. मामांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "लई शहाणा झालास. बस खाली, हात धू अन् जेव."