समाजशास्त्र शिकान चेडू काय करतला?

आज आमच्या कॉलेजात अकरावीच्या प्रवेशाच्या टेबलाशी एक बाप लेकीचा फॉर्म घेऊन उभा होता. मुलीने कला शाखेत समाजशास्त्रावर खूण केलेली आणि त्याला ती खोडून तिथे दुसरं काहीतरी हवं होतं. काय हवं, ते त्याचंही ठरलेलं नव्हतं. "मॅडम, ह्या समाजशास्त्र शिकान चेडू काय करतला? समाजसेवा?" रांगेतले दोघेतिघे हसले. त्या बापाचा मला राग आला नाही. राग आला तो शेजारी बसलेल्या आमच्याच सहकाऱ्याचा. ते लगेच म्हणाले, "असू दे हो, सोपा विषय आहे. गाईड वाचलं तरी पास होते."

सोपा विषय! म्हणजे ज्याला बाकी काही झेपत नाही त्याच्यासाठी. जेवणं झाली, भांडी घासून झाली, तरी हे डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलेय. लांबलं तर लांबलं.

गेल्या वर्षी अकरावीच्या पोरांना म्हटलं, पुस्तकं मिटा आणि आपापल्या गावाचा नकाशा काढा. पट्टी नको, मोजमाप नको, आठवेल ते काढा. वर्गात एकाच गावची दोन मुलं होती. एकाच एसटीने येणारी, एकमेकांच्या डब्यात हात घालणारी. एकाच्या कागदावर रवळनाथाचं देऊळ, होळीचा मांड, मानकऱ्यांची घरं, कोणाच्या परड्यात किती पोफळी, सगळं बारीकसारीक. आणि व्हाळावरच्या साकवापाशी, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलापाशी, नकाशा संपलेला. दुसऱ्याचा नकाशा त्याच साकवापासून सुरू होत होता. समाजमंदिर, अंगणवाडी, त्यांची विहीर, जयंतीचा मंडप घालतात ती जागा. देऊळ होतं, पण पार कडेला, नुसता एक त्रिकोण. मी दोन्ही कागद बाकावर शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा कुठे अख्खं गाव दिसलं. पहिला म्हणाला, "मॅडम, मी पलीकडे कधी गेलोच नाय." दुसरा फटकन म्हणाला, "तुका कोणी अडवल्यान?"

आता मला सांगा, सामाजिक स्तरीकरण, म्हणजे समाजातली वरखाली उतरंड, याहून वेगळं काय शिकवायचं असतं? व्याख्या त्या दिवशी मी शेवटच्या पाच मिनिटांत सांगितली आणि ती पोरांनी लिहून घेतली. गाईडमध्ये तीच व्याख्या आहे, चार मुद्दे आहेत, मुद्द्यांना आकडे आहेत. त्यात साकव तेवढा नाही.

आणि हे आपण कुठे बसून बोलतोय? सिंधुदुर्गात. डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये मालवणचे. १८९३ चा जन्म. केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन आले, १९२४ पासून मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग त्यांनी सांभाळला, जात आणि वंशावरचं त्यांचं पुस्तक १९३२ मध्ये आलं. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई ही समाजशास्त्रातली मोठी माणसं सगळी त्यांच्या हाताखाली शिकलेली. घुर्ये शिकवायला घेतले की मी पोरांना आधी विचारते, हे कुठले असतील? पुण्याचे, बंगालचे, एकदा तर इंग्लंडचे! मालवणचे म्हटल्यावर मागच्या बाकावरचे ताठ बसतात. (आदिवासींना 'मागासलेले हिंदू' म्हणणारे घुर्ये मला पटत नाहीत, तेही सांगते. गाववाला आहे म्हणून सवलत नाही.)

तर त्या नकाशाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. दोन दिवसांनी मुंबईहून फोन. गावचे कोणीतरी चाकरमानी. "मॅडम, आमच्या गावात सगळे गुण्यागोविंदाने राहतात. तुम्ही पोरांच्या डोक्यात जातपात भरवू नका." अहो, मी भरवली? नकाशा मी काढला? गणपतीत पाच दिवस आणि शिमग्याला दोन दिवस येणाऱ्या माणसाला गाव गुण्यागोविंदाचंच दिसणार. पालखी कोणाच्या दारात थांबते आणि कोणाच्या दारावरून तशीच पुढे जाते, हे पोरं लहानपणापासून बघतात. घरी विचारलं तर 'पूर्वापार आसा' एवढंच उत्तर. २०१६ मध्ये महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. माणसांना वाळीत टाकणाऱ्या गावकीच्या, म्हणजे गावपंचांच्या, बातम्या रायगड-रत्नागिरीतूनच येत होत्या ना? चवदार तळं कोकणातच आहे ना? की ते पण मीच भरवलं?

चिडून लिहितेय, कळतंय मला. थांबा, पाणी पिऊन येते.

हं. तर मान्य, सगळेच शिक्षक हे नीट हाताळतील असं नाही. एखादा वर्गात नावं घेऊन कोणाची तरी मान खाली घालायला लावेल. मी नकाशे भिंतीवर लावले नाहीत ते त्यासाठीच. पण गणित वाईट शिकवणारे आहेत म्हणून गणित कोणी बंद केलं नाही.

आमच्या विषयाला २० गुणांचा प्रकल्प असतो. करायला गेलं तर त्यात काय नाही! पण झेरॉक्सच्या दुकानात तो तयार मिळतो, 'महिला सक्षमीकरण', रंगीत मुखपृष्ठासकट. नाव घालायची जागा कोरी. पोरांना दोष देत नाही, आम्हीच ते तपासून सह्या करतो. आणि दरवर्षी निकालात कोकण विभाग राज्यात पहिला आला की आम्हीच पेढे वाटतो. पेढे मीही खाते.

पण वर्ग कधीकधी असा काही रंगतो की सगळं विसरायला होतं. २०११ च्या जनगणनेचे आकडे फळ्यावर लिहिले होते. हजार पुरुषांमागे रत्नागिरीत ११२२ बायका, सिंधुदुर्गात १०३६. विचारलं, का बरं? एक मुलगी उत्साहाने म्हणाली, आपल्याकडे मुलींना मान आहे म्हणून. दुसरी खिडकीतून बाहेर बघत होती, ती मान न वळवता म्हणाली, "बापये मुंबैक आसत, मॅडम." झालं! दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षा २०११ मध्ये कमी का भरली, ते मग मला सांगावंच लागलं नाही. कोणाचे बाबा, कोणाचा भाऊ, कोणाच्या काकाने दादरला घेतलेली खोली, पोरीच बोलत होत्या. सामाजिक संस्था (समाजसेवेच्या नव्हेत, समाजाने ठरवलेल्या रीती-नियमांच्या चौकटी) शिकवताना एका रापणकराच्या, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराच्या, मुलाने फळ्याजवळ येऊन वाटे कसे पडतात ते समजावलं. होडीचा, जाळ्याचा, दोर ओढायला आलेल्यांचा. पर्ससीनवाल्यांनी, म्हणजे मोठ्या यांत्रिक बोटींतून जाळी टाकणाऱ्यांनी, काय केलं हेही त्यानेच सांगितलं, आणि ते सांगताना आवाज चढला होता त्याचा. हाच मुलगा चाचणीत नापास झालेला, कारण संस्थेची वैशिष्ट्ये क्रमाने लिहिली नव्हती. तो तास संपल्यावर मी शिपायाला म्हटलं, जरा दोन मिनिटं बेल थांबव.

म्हणून माझं म्हणणं आहे की अकरावीत हे सगळ्यांना असावं. सायन्सवाल्यांना आधी! उद्याचा डॉक्टर, उद्याचा तलाठी, उद्याचा बँकवाला साकवाच्या एकाच बाजूचा नकाशा घेऊन खुर्चीत बसतो आणि पलीकडच्या माणसाला म्हणतो, 'तुम्ही लोक असेच.' पर्यावरण सगळ्या शाखांना सक्तीचं आहेच की. सक्तीचं झालं की त्याचाही चिकटवहीचा धंदा होईल, हे मला सांगू नका. माहीत आहे.

त्या बापाचं मात्र खरं आहे. नोकरीचं काय, याला माझ्याकडे छातीठोक उत्तर नाही. यूपीएससीला हा विषय घेणारे पुष्कळ आहेत असं सांगितलं, तर तो म्हणाला, "आमचा चेडू खय त्या परीक्षेक बसतला!" लेक शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "बसान बघतंय ना." खूण तशीच राहिली. फॉर्म मी स्वतः आत नेऊन दिला.

आता कामाचं. यंदा बारावीच्या पोरांना झेरॉक्सचा प्रकल्प चालणार नाही, हे मी आजच जाहीर करते. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबई सोडून गावी आलेल्या माणसांच्या आणि त्यांच्या घरच्या बायकांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. बायकांच्या जास्त, कारण त्यांना कोणी विचारलेलं नाही. कणकवली, मालवण, कुडाळ, देवगडात तुमच्या घरी, वाडीत असं कोणी असेल तर मला इनबॉक्स करा. नावं कुठे छापायची नाहीत. पोरं दोघादोघांनी येतील, वहीपेन त्यांचं ते आणतील. वाडी साकवाच्या अलीकडची की पलीकडची ते कळवायची गरज नाही, जोड्या मी मुद्दाम तशाच लावणार आहे. आणि ज्या चाकरमान्याला पुन्हा फोन करायचाय त्याने रात्री नवाच्या आधी करावा.