हात लावा, पण कुठवर?
‘फोटोला एडिटिंगचा हातच लावू नये’ हे एका लेखातलं मत काही पटलं नाही. जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातून थेट तयार मिळणाऱ्या फोटो-फाइलमध्ये, रंग, कॉन्ट्रास्ट कॅमेराच ठरवून मोकळा होतो; म्हणजे हात तसाही लागलेलाच असतो. तेव्हा क्रॉप (कडा कापणं), एक्स्पोजर (उजेड कमी-जास्त करणं), व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसेल असा रंगांचा तोल) खुशाल करा. पण कास पठारावरच्या फुलांच्या फोटोंत हल्ली सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) इतकं ताणतात की तेरड्याच्या पाकळीवरच्या शिरा जाऊन नुसता गुलाबी डाग उरतो, धुक्यातलं गवतही पोपटी! आणि वस्तू हलवणं म्हणजे तर हद्दच. आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठात बसवायला नॅशनल जिओग्राफिकने फेब्रुवारी १९८२ च्या अंकात गिझाचे पिरॅमिडच जवळ सरकवले होते, तेही फोटोशॉप यायच्या आधी. लग्नाच्या अल्बमात असलं चालेल, बातमीत नाही. आपल्याकडच्या स्पर्धांनीही वर्ल्ड प्रेस फोटो या बातमी-छायाचित्रांच्या जागतिक स्पर्धेसारखी अंतिम फेरीत मूळ फाइल मागावी.