कब्जा सूचनेचं पान

आज पेपरात अख्खं पान कब्जा सूचनांचं, म्हणजे कर्ज थकलं म्हणून बँकेने घर ताब्यात घेतल्याच्या जाहिरातींचं. एरवी आपण ते उलटतो, आज वाचत बसले. कर्जदाराचं नाव, सहकर्जदार म्हणून बायकोचं नाव, विंग, फ्लॅट नंबर, थकबाकी, सगळं चव्हाट्यावर. आणि घरं कुठली? बदलापूर, टिटवाळा, नेरळ, विरार. वन आरके, फार तर वन बीएचके.

माझ्या मावसभावाचं नाव असंच छापून आलं होतं. अंबरनाथ एमआयडीसीतल्या कंपनीला टाळं लागलं, हप्ते थकले. नव्वद दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. मग सरफेसी या कर्जवसुलीच्या कायद्याची साठ दिवसांची नोटीस, मग दारावर कागद. बँकेला कोर्टात दावा लावायचीही गरज नाही, २००२ च्या या कायद्याने ती सोय करून ठेवलीय. पोरं जिन्यात खेळत असताना कागद चिकटवून गेले. मावशीने नखांनी खरवडून काढला, तरी दारावर डिंकाचे पट्टे राहिलेच.

हेच घर घेताना सरकारला कोण कौतुक! तेव्हा प्रधानमंत्री आवास योजनेत २ लाख ६७ हजारांपर्यंत व्याजाचं अनुदान होतं, वर होर्डिंगवर फोटो. मुद्रांक शुल्क वाजवून घेतलं ते वेगळंच. आणि नोकरी गेली की? तू कोण, मी कोण!

शेतजमिनीला सरफेसी लागत नाही, आणि ते योग्यच आहे. शेतकऱ्याशी माझं भांडण नाही. पण पगारदाराच्या राहत्या घराला सहा महिन्यांचीही उसंत मिळू नये? २०२० मध्ये मार्च ते ऑगस्ट हप्ते थांबवता आले ना? व्याजाचं मीटर चालूच होतं म्हणा, पण निदान डोक्यावरचं छप्पर तरी राहिलं. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

हो, बँकेत पैसा ठेवीदारांचा असतो, आणि मुद्दाम बुडवणारेही असतात. मान्य. पण त्या मुद्दाम बुडवणाऱ्यांशीसुद्धा तडजोड करायची मुभा रिझर्व्ह बँकेने जून २०२३ मध्ये दिलीच की! माझ्या भावालाही म्हणाले, वन टाइम सेटलमेंट करा, रक्कम एकरकमी भरा. अरे, एकरकमी असती तर हप्ता थकला असता का?

फुकट कोण मागतंय? ब्रिटनमध्ये सरकारी भत्त्यावर आलेल्या घरमालकाला गृहकर्जाच्या व्याजापुरती मदत मिळते. २०१८ पासून तीही उसनी, घर विकलं की सरकार वसूल करतं. तसंच करा. वर्षभराचं व्याज भरा, घरावर बोजा चढवा, पुढे पै न् पै घ्या. घर मात्र राहू द्या.

भाऊ आता वांगणीला भाड्याने राहतो. भेटला की त्या फ्लॅटचा विषय काढत नाही, आम्हीही काढत नाही. मावशी तेवढी कधीतरी म्हणते, ओटा किती छान होता गं.

असो. कुणाकडे ती साठ दिवसांची नोटीस आली असेल तर लाजेने फोन बंद करून बसू नका, भाऊ बसला होता. त्या मुदतीत लेखी हरकत द्या, बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. कब्जाची कारवाई झालीच, तर पंचेचाळीस दिवसांत डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, जाता येतं. त्याला हे कुणी सांगितलंच नाही. कल्याण-बदलापूरकडे अशी प्रकरणं बघणारा, फी सांभाळून घेणारा वकील माहीत असेल तर खाली नाव टाका.