लस घेतली म्हणजे बर्फ चालतो असे नाही

‘निघण्यापूर्वी टायफॉइडची लस टोचून घेतली की प्रवासात खाण्यापिण्याची चिंता उरत नाही’ हे प्रवासातील आरोग्याविषयीच्या तुमच्या लेखातील वाक्य मला साफ चुकीचे वाटते. ही लस उपयुक्त आहेच, आणि ती निदान दोन आठवडे आधी घ्यावी हा लेखातील सल्लाही योग्य आहे. परंतु तिचे संरक्षण शंभर टक्के नसते, आणि लक्षणांवरून टायफॉइडसारख्याच वाटणाऱ्या पॅराटायफॉइडपासून तर ती वाचवतच नाही. माझ्या धाकट्या भावाने लस घेतलेली होती. तीन वर्षांपूर्वी आम्ही नाशिकहून वणीच्या गडावर गेलो, तेव्हा उकळून गार केलेले पाणी घरूनच नेले होते, सोललेली फळे विकत घेतली नाहीत. मात्र परतताना उन्हाने जीव कासावीस झाला म्हणून त्याने रसवंतीवर उसाचा रस घेतला. लादीचा बर्फ गोणपाटात गुंडाळून लाकडी दांडक्याने फोडला जात होता, हे मला आजही डोळ्यांसमोर दिसते. बारा दिवसांनी त्याला ताप चढला आणि ब्लड कल्चरमध्ये (रक्तातील जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत) पॅराटायफॉइडचे जंतू निघाले. दोष त्या रसाचाच होता असे मी ठामपणे म्हणणार नाही, पण गोठल्याने हे जंतू मरत नाहीत हे आम्हाला डॉक्टरांकडूनच प्रथम कळले.

२०२७ च्या सिंहस्थासाठी त्र्यंबकेश्वरला आणि पंचवटीत येणाऱ्यांनी लस अवश्य घ्यावी, मात्र पाण्याची बाटली सीलबंद घेऊन त्याच हाताने बर्फ घातलेले सरबत पिऊ नये.