‘जशी आहे तशी’ लिहून घेतलं म्हणून डीलर सुटत नाही

गेले काही महिने व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. सूर आपुलकीच्या सल्ल्याचा, त्यामुळे लोक तो मनापासून पुढे पाठवतात. मजकूर थोडक्यात असा: सेकंडहँड गाडीला ग्राहक कायदा लागू होत नाही. ‘जशी आहे तशी घेतली’ या कागदावर सही केली की विषय संपला. टेस्ट ड्राइव्ह घेतलीत, मेकॅनिक आणलात म्हणजे तुम्हाला सगळं मान्य होतं. डीलर फक्त मधला माणूस, व्यवहार मूळ मालकाशी. आणि ग्राहक मंचात गेलात तर वकिलाच्या फीतच गाडीची किंमत जाईल.

माझ्या मेहुण्याला हा मेसेज आमच्याच घरच्या ग्रुपवर आला. कराडला राहतो तो. मे महिन्यात त्याने पुण्याच्या एका डीलरकडून ४ लाख ३५ हजारांना डिझेल गाडी घेतली. जाहिरातीत ‘फर्स्ट ओनर, नॉन-ॲक्सिडेंट, पाण्यात गेलेली नाही’ असं ठळक लिहिलेलं. पहिल्याच पावसात एसी लावला की कुबट वास यायला लागला. मग काचा मध्येच अडकायच्या, एअरबॅगचा दिवा पेटायचा. मेसेज वाचून तो चार महिने गप्प बसला.

दिवाळीत गेलो तेव्हा मी ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला. रोज वापरात येतो तेवढा पट्टा स्वच्छ होता. आतला हात-दीड हात भाग मात्र मातकट, आणि त्यावर आडवी तपकिरी रेघ, पाणी जिथवर चढलं होतं तिथे. मॅट उचलली तर सीटच्या रुळांत वाळलेला गाळ. ही गाडी पुरात उभी होती आणि डीलरने ती धुऊन-पुसून विकली, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. म्हणून त्या मेसेजमधला एकेक मुद्दा घेतो.

‘जुन्या गाडीला कायदा नाही’ हे सरळ खोटं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ग्राहक म्हणजे मोबदला देऊन वस्तू घेणारा. वस्तू नवीच हवी, असं तिथे कुठेही नाही. उलट व्यापाऱ्याने वस्तूबद्दल कुठल्याही प्रकारे जे सांगितलं, त्यात कमी पडणं हासुद्धा ‘दोष’ असं कायद्यातल्या दोषाच्या व्याख्येत आहे. जाहिरात, व्हॉट्सॲपवरचा फोटोखालचा मजकूर, सगळं त्यात आलं. पुढे पुन्हा विकायला किंवा निव्वळ धंद्यासाठी गाडी घेतली असेल तर हा कायदा चालत नाही, पण स्वतः चालवून पोट भरायला टॅक्सी घेतलेल्याला तो लागू आहे. शेजाऱ्याकडून गाडी घेतली तर तो व्यापारी नाही. तिथे दिवाणी कोर्टाचा रस्ता. डीलरची गोष्ट वेगळी.

‘सही केली, विषय संपला’. मेसेजमधला सगळ्यात जास्त घाबरवणारा मुद्दा हाच, कारण त्यात थोडं तथ्य आहे. मालविक्री कायदा, १९३० प्रमाणे दोघांच्या स्पष्ट कराराने विक्रेता मालाच्या दर्जाबद्दलची काही जबाबदारी टाळू शकतो. सात वर्षांच्या गाडीची क्लचप्लेट झिजलेली निघाली, बॅटरी बसली, टायर गुळगुळीत आहेत, अशा तक्रारी ‘जशी आहे तशी’च्या कागदापुढे टिकणं अवघड आहे, आणि जुन्या भावात जुनी गाडी घेणाऱ्याने ते धरूनच चालावं. पण झिजणं वेगळं आणि लपवणं वेगळं. माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं म्हणजे फसवणूक, असं आपला करार कायदा १८७२ पासून सांगतोय, आणि फसवून घेतलेली संमती रद्द करता येते. मीटर फिरवून ९८ हजारांचे ४२ हजार किलोमीटर केले, ठोकलेल्या गाडीचा पिलर, म्हणजे छत पेलणारा खांब, वेल्ड करून वर रंग मारला, पुरातली गाडी ‘पाण्यात गेलेली नाही’ म्हणून खपवली, तर खालच्या ओळीतल्या सहीने ते पाप धुतलं जात नाही. दर्जाबद्दल खोटं सांगणं ही २०१९ च्या कायद्यातही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

टेस्ट ड्राइव्हचा मुद्दा १९३० च्याच कायद्याने निकालात निघतो. खरेदीदाराने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दोष दिसायला हवे होते तेवढ्यांपुरतीच विक्रेत्याची जबाबदारी संपते. बंपरवरचा ओरखडा मेकॅनिकला दिसायला हवा. कार्पेटखालच्या वायरिंगमधला गाळ बघायला डीलर त्याला सीट खोलू देतो का?

‘डीलर फक्त मध्यस्थ’. इथे व्यवहाराची खरी मेख आहे. बरेच डीलर स्वतःच्या नावाचं बिल देतच नाहीत. डिलिव्हरी नोटवर मूळ मालकाचं नाव, आरसी थेट त्याच्याकडून तुमच्या नावावर, आणि पैसे मात्र डीलरच्या खात्यात. केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं आहे, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९ सी ने दिली की डीलरच त्या गाडीचा मालक मानला जातो. तुमच्या डीलरने हे केलंच नसेल, तर तो त्याचा नियमभंग. त्याचा तोटा तुम्ही का सोसायचा? शिवाय कमिशन घेऊन गाडी मिळवून देणं ही सेवा झाली आणि सेवेतल्या त्रुटीचीही तक्रार होते. यूपीआयची नोंद, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि चॅट जपून ठेवा. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे.

आता खर्च. मेसेज लिहिणारा अजून ‘मंच’ म्हणतो. २०२० पासून त्याला जिल्हा आयोग म्हणतात. गाडीसाठी तुम्ही मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी शून्य. ५० लाखांपर्यंतची तक्रार जिल्ह्यातच चालते. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते. त्यामुळे डीलर पुण्याचा असला तरी कराडच्या माणसाची तक्रार साताऱ्यात, आणि करारात ‘वाद फक्त अमुक शहरात’ छापलेलं असलं तरीही. वकील सक्तीचा नाही. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ ही हेल्पलाइन आहे. तक्रार दाखल करायची मुदत दोन वर्षांची. कायद्यात निकालाला तीन महिने, वस्तूची तपासणी लागली तर पाच महिने लिहिलेत. प्रत्यक्षात जास्त लागतात, हे मी लपवणार नाही. पण दोष सिद्ध झाला तर आयोग दुरुस्ती, बदली, व्याजासह पैसे परत आणि वर भरपाई असे आदेश देऊ शकतो.

मेसेजमध्ये नाही अशी एक गोष्ट मात्र खरंच घात करते: तक्रारीआधीच गाडी दुरुस्त करून घेणं. दोष सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर असते. वायरिंग बदललं, सीट धुतल्या, की पुरावा गॅरेजच्या कचऱ्यात जातो. आधी फोटो, व्हिडिओ, कंपनीच्या वर्कशॉपमधून सर्व्हिस हिस्टरी आणि लेखी तपासणी अहवाल, मग डीलरला स्पीड पोस्टाने नोटीस.

मेहुण्याची नोटीस गेली. त्यानंतर दोनच दिवसांत, इतके दिवस फोन न उचलणाऱ्या डीलरचा स्वतःहून फोन आला: गाडी घेऊन या, आतून एकदम स्वच्छ ड्रायक्लीन करून देतो, फुकट. तक्रार आता साताऱ्याला दाखल झालीय आणि गाडी अंगणात कव्हर घालून उभी आहे. तपासणी होईपर्यंत तो पट्टा धुवायचा नाही, असं त्याला निक्षून सांगून ठेवलंय.