ही रॅली नाही, रस्ता आहे!

फिनलंडमधला ओउनिनपोह्या हा मोटार रॅलीचा (गाड्यांच्या शर्यतीचा) सुमारे ३३ किलोमीटरचा जगप्रसिद्ध टप्पा, मान्य. पण रॅलीचे दिवस सोडले तर तो साधा खडीचा गावरस्ता आहे हो! उन्हाळा लागला की भाड्याच्या गाड्या घेऊन हौशी वीर हजर. पिवळ्या घराजवळच्या उंचवट्यावरून २००३ मध्ये रॅलीचालक मार्को मार्टिनची गाडी ५७ मीटर उडाली, म्हणून तुम्हीही उडायचं? त्याच्यासाठी रस्ता बंद होता. तुमच्यासमोर मी येतोय, मागून ओंडक्यांचा ट्रक येतोय!

आणि जे उडत नाहीत ते त्याहून भारी. नेमकं उंचवट्यापलीकडे गाडी थांबवून सेल्फी! चढून येणाऱ्याला त्यांचं टप दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि सुट्या खडीवर ब्रेक लागतो तो नावालाच. एखादा शेजारून सुसाट गेला की काचेवर टण्णकन खडा, मग धुरळ्यात सगळं गुडूप. पुसा आता काच!

जंगल बघायला आलात ना? मग बघा की सावकाश. बर्चची झाडं काय पळून चाललीत? आणि फोटोच हवा असेल तर गाडी लांब लावा, चार पावलं चाला. पण नाही, पाय दुखतात ना साहेबांचे!